डोंगर शेवटी बघा, आधी धूर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी पन्नासच्या दशकात मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेलं एक तैलचित्र घरात आहे, साधारण अडीच फूट रुंद. मागे उंच निळसर डोंगर, उजवीकडे कडा आणि त्यावर गोल दगडी बुरूज, डावीकडे मोकळा समुद्र. पाण्यात शिडांची तीन जहाजं, अलीकडे काठावर पाच-सहा माणसं आणि एक शेकोटी. सही नाही. आजोबा सांगायचे की हा विजयदुर्ग, आणि ही आंग्र्यांवर चालून आलेली इंग्रजांची गलबतं. परवा भाच्याने विचारलं, ‘विजयदुर्गला एवढे डोंगर कुठे आहेत?’ आणि घरात दोन तट पडले. तुम्हाला हवंय ते असं: जागा कुठली, चित्रकार कोण, आणि चित्राचा अर्थ काय.

चित्रकाराचं आधीच सांगून टाकतो. फोटोवरून ते सांगता येणार नाही, आणि जो कोणी फोटो बघून नाव सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहा. जुनी चित्रं दुरुस्त करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. सही नसलेल्या समुद्रचित्राला नाव चिकटवणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महागात पडणारा उद्योग आहे. पण बाकीच्या दोन प्रश्नांवर तुमचे फोटो चांगलंच बोलतात. विशेषतः दुसरा, पुढच्या जहाजाचा जवळून काढलेला.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. आजोबा काय आणि भाचा काय, दोघांनीही डोंगरापासून सुरुवात केली. एकाला डोंगर बघून सह्याद्री आठवला, दुसऱ्याला विजयदुर्गला डोंगर नाहीत हे आठवलं. भाच्याचं म्हणणं बरोबर आहे, पण तोही त्याच साक्षीदाराला विचारतोय जो अशा चित्रांत सर्रास खोटं बोलतो. समुद्रचित्रात डोंगर सगळ्यात शेवटी बघायचा. आधी वारा, मग जहाज, मग झेंडा, मग काठावरची माणसं, आणि सगळ्यांची साक्ष झाली की डोंगर.

असं का, ते सांगतो. ही चित्रं विकत कोण घ्यायचं? सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये घ्यायचे व्यापारी, जहाजांत पैसे गुंतवणारे, आरमारातले अधिकारी. या लोकांना जहाजाचा दोर न् दोर पाठ. शीड चुकीच्या काठीवर बांधलेलं दिसलं तर चित्र तिथेच नापास. त्यामुळे चित्रकार जहाजावर जिवापाड मेहनत घ्यायचे. विलेम फान दे फेल्दे हे बापलेक दोघेही याच नावाचे. थोरला तर चालू लढाईत छोट्या होडीत बसून जहाजांची रेखाटनं करायचा. पुढे दोघं इंग्लंडला गेले तेव्हा १६७४ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले: बापाने लढाया रेखाटायच्या, मुलाने त्या रंगवायच्या. जहाजांच्या बाबतीत इतका काटेकोर कारभार. डोंगराच्या बाबतीत? हॉलंडचा सगळ्यात उंच ‘डोंगर’ ३२२ मीटरचा. पर्वतीपेक्षा फार तर तिप्पट-चौपट चढाल. तिथल्या गिऱ्हाइकाला खडकाळ किनारा खरा की खोटा हे कळणार कसं? मग चित्रकार कोणी नॉर्वे-स्वीडन बघून आला असेल त्याच्या रेखाटनांतून, कोणी इटली बघून आला असेल त्याच्या छापील चित्रांतून कडे उचलायचे. आलार्त फान एव्हरदिंगेन १६४४ मध्ये स्कँडिनेव्हियात जाऊन आला आणि तिथले खडक, धबधबे, सूचिपर्णी झाडं घेऊन आला. ती पुढे घरबसल्या कितीतरी जणांनी वापरली.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीने १७३२ च्या सुमारास आपल्या कचेरीसाठी सहा मोठी चित्रं करून घेतली. त्यांत मुंबई आहे, केरळातली तेल्लिचेरी आहे, मद्रास आणि कलकत्त्याचे किल्ले आहेत, सेंट हेलेना आणि केप ऑफ गुड होप आहे. जॉर्ज लँबर्टने जमीन रंगवली आणि सॅम्युएल स्कॉटने जहाजं. दोघांपैकी एकानेही मुंबई पाहिलेली नव्हती. म्हणजे खुद्द कंपनीच्या भिंतीवरच्या ‘मुंबई’त जहाजं एका हाताची, जमीन दुसऱ्या हाताची, आणि जमीन तर ऐकीव. जहाजं मात्र टेम्स नदीत रोज उभी असायची, त्यामुळे ती बघून काढता यायची.

तर डोंगर बाजूला ठेवा आणि वारा बघा.

वारा बघायचा म्हणजे चित्रातल्या हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला विचारायचं: तू कुठे झुकली आहेस? शीड, झेंडा, डोलकाठीच्या टोकावरची लांब अरुंद पताका, धूर, लाटांचा फेस, झाडांचे शेंडे, बाईच्या डोक्यावरचा पदर. सगळ्यांचं उत्तर एक यायला हवं. हे मला कुठल्या संग्रहालयात शिकायला मिळालं नाही. माझ्या फ्रेमवाल्याकडे रत्नागिरीकडचे एक वयस्क गृहस्थ बसायला यायचे. उभी हयात मचव्यावर गेलेली, शेवटी तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, झालेले. एकदा मी एक जहाजाचं चित्र फ्रेमच्या मापासाठी तिथे नेलं. त्यांनी चहा खाली ठेवला, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘शिडाला वारा मागनं आणि बावट्याला पुढनं? एका जहाजाला दोन वारे कसे?’ मी महिनाभर त्या चित्रासमोर बसलो होतो. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मोटारीला किंवा सायकलला लावलेला झेंडा मागे उडतो, म्हणून आपल्याला वाटतं जहाजाचाही मागेच उडणार. पण शिडाचं जहाज वारा ढकलतो म्हणून चालतं. वारा मागून असेल तर झेंडाही पुढेच झुकणार. त्या चित्रातला झेंडा मागे फडफडत होता. परत आल्यावर दिवे मालवून अतिनील दिव्याखाली बघितलं. जुनं वार्निश हिरवट चमकत होतं आणि झेंड्याची जागा काळी ठिक्कर. वार्निशच्या वर नंतर कोणीतरी रंग लावला की असं दिसतं. विकण्याआधी भाव वाढावा म्हणून कोणीतरी साध्या जहाजावर इंग्रजी निशाण चढवलं होतं, आणि चढवणाऱ्याने आयुष्यात होडी चालवली नव्हती.

आता तुमचं चित्र. तुमच्या पहिल्या फोटोत शेकोटीचा धूर डावीकडे, समुद्राकडे झुकलाय. दुसऱ्या फोटोत पुढच्या जहाजाच्या मागच्या टोकावरचा झेंडा डावीकडेच. मधल्या डोलकाठीवरची पताका, अगदी केसाएवढी आहे, तीही डावीकडे. लांबचं तिसरं जहाज डावीकडे निघालंय आणि त्याची शिडं डावीकडेच फुगलेली. चारही साक्षीदार एकमुखाने सांगतात की वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय. म्हणजे हा चित्रकार, किंवा ज्याच्यावरून त्याने नक्कल केली तो, समुद्र जाणणारा होता.

जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मंद वारा म्हणजे आपला शाळेतला मतलई वारा. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून रात्रीपासून सकाळी ऊन वर येईपर्यंत वारा जमिनीकडून वाहतो. दुपारी उलट, खारा वारा. तुम्ही लिहिलंय की घरात सगळे याला ‘सूर्यास्ताचं चित्र’ म्हणतात, कारण आकाश सोनेरी आहे. रंगावरून सकाळ-संध्याकाळ ठरवता येत नाही. चित्रकार दोन्हीला तोच पिवळा वापरतो. धूर मात्र सांगतो की ही सकाळ आहे. शिवाय उजेड डोंगरामागून येतोय, म्हणजे सूर्य जमिनीच्या बाजूने उगवतोय, म्हणजे किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे.

(इथे आजोबांच्या बाजूने एक गुण देऊन ठेवतो. कोकणचा किनाराही पश्चिमेकडे तोंड करूनच आहे. पण इटलीचाही अर्धा किनारा तसाच आहे. पुढे येतो त्यावर.)

आता पुढचं जहाज जरा निरखून बघा. त्याचं नाक उजवीकडे, जमिनीकडे आहे. बरेच जण म्हणतील, किनाऱ्याला येतंय. नाही. नांगरावर उभं असलेलं जहाज नेहमी वाऱ्याकडे तोंड करून राहतं. नाकातून पाण्यात गेलेला जाड दोर दिसतोय ना, तो तिरका नाही, सरळ खाली गेलाय. नांगर टाकून निवांत उभ्या जहाजाचा दोर पुढे तिरका ताणलेला असतो. तो सरळ उभा होतो तेव्हा दोर ओढून ओढून जहाज नांगराच्या डोक्यावर आणलेलं असतं, म्हणजे नांगर उचलायची वेळ झाली. पुढच्या डोलकाठीवरचं शीड सोडलंय पण अजून ताणलेलं नाही. एकट्या शिडावर मी विसंबलो नसतो, कारण पावसानंतर शिडं वाळवायलाही अशीच मोकळी सोडायचे. पण नांगराचा दोर आणि शीड मिळून गोष्ट पक्की होते.

आणि ती छोटी होडी. वल्ही मारणारा माणूस ज्या बाजूला पाठ करून बसतो त्या बाजूला होडी जाते. तुमच्या होडीतल्या दोघांच्या पाठी जहाजाकडे आहेत. म्हणजे होडी काठावरून जहाजाकडे चाललीय. मधे बसलेल्याच्या पायाशी पेटी किंवा गाठोडं आहे, फोटोत नीट कळत नाही. काठावरची एक बाई हात वर करून उभी आहे. तुम्ही तिला ‘घाबरून ओरडणारी’ म्हणालात. मला ती निरोप देणारी वाटते.

म्हणजे चित्राचा विषय हल्ला नाही, आगमनही नाही. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर जहाजं बंदर सोडतायत. एक गेलं, एक निघतंय, माणूस शेवटच्या होडीने चढायला चाललाय.

‘अर्थ’ विचारलात म्हणून याच्या उलट टोकाचं एक चित्र सांगतो, म्हणजे वाऱ्याची दिशा बदलली की अर्थ कसा बदलतो ते कळेल. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत लुडॉल्फ बाकहाउझेनचं १६६७ चं चित्र आहे, खडकाळ किनाऱ्याजवळ संकटात सापडलेली जहाजं. जवळपास साडेपाच फूट रुंद. बाकहाउझेन मूळचा जर्मनीतल्या एम्डेन बंदराचा, आधी व्यापारी पेढीवर कारकून, अक्षर सुंदर म्हणून नावाजलेला. वादळ जवळून बघायला तो होडी काढून समुद्रात जायचा असं त्याच्या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. या चित्रात तीन डच मालवाहू जहाजं आहेत, मोठ्या पोटाची. वारा त्यांना खडकांकडे ढकलतोय. एखादं जहाज आधीच फुटून गेल्याच्या खुणा पाण्यावर तरंगतायत.

वादळ तर भर समुद्रातही येतं, मग इथे खडक कशाला? कारण मोठी चौकोनी शिडं असलेलं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी साधारण साठ-सत्तर अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही, आणि जाताना शिवाय आडवं सरकतं. भर समुद्रात वादळ आलं तर शिडं उतरवून वाहत जाता येतं, मागे हवी तेवढी जागा असते. पण वारा किनाऱ्याकडे वाहत असेल आणि किनारा खडकाचा असेल, तर दोनच मार्ग उरतात: थोडी शिडं फाटेपर्यंत ठेवून तिरकं निसटायचं, नाहीतर नांगर टाकून तो धरेल अशी प्रार्थना करायची. प्रसंगी डोलकाठ्या तोडून टाकायचे, वाऱ्याला पकडायला काही उरू नये म्हणून. डच गिऱ्हाइकाला हे सगळं एका नजरेत कळायचं. डोंगर तिथे शोभेला नाही, तो फासाचा दोर आहे. आणि बाकहाउझेनने आकाशात एका बाजूला उजेड फुटताना दाखवलाय, म्हणजे वादळ निवळतंय. प्रश्न एवढाच की ते निवळेपर्यंत जहाजं खडकांपासून लांब राहतील का. माणसाचं आयुष्य, दैव, ईश्वरावरचा भरवसा असले अर्थ त्या काळचे लोक अशा चित्रांत वाचायचे हे खरं. पण ते अर्थ या वाऱ्याच्या गणितावर उभे असतात. आधी गणित, मग तत्त्वज्ञान. उलट्या क्रमाने गेलं की कुठल्याही चित्रातून काहीही निघतं.

तुमच्या चित्रात तोच डोंगर आहे, पण वारा त्याच्याकडून येतो. म्हणून तो इथे आडोसा आहे. त्याच्या कुशीत पाणी शांत आहे.

आता काळ. जहाजावरून काळ ठरवताना लक्षात ठेवा की जहाज सांगतं ते चित्रातल्या प्रसंगाचा काळ, चित्र रंगवल्याचा नाही. सतराव्या शतकातल्या मोठ्या जहाजाच्या नाकावरच्या पुढे झुकलेल्या काठीच्या टोकाला आणखी एक छोटी उभी काठी असायची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती गेली. तुमच्या जहाजाला ती नाही. नाकाकडे तिकोनी शिडं आहेत, मागच्या डोलकाठीवर जुन्या पद्धतीचं लांब तिरक्या काठीचं तिकोनी शीड नाही, चौकोनी धाटणीचं आहे. म्हणजे अठराव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतर. दुसऱ्या टोकाला, १८५० च्या दशकापासून मोठ्या जहाजांचं मधलं प्रचंड शीड दोन अरुंद शिडांत विभागायला लागले, कमी खलाशांत काम भागावं म्हणून. तुमच्याकडे ते अजून एकसंध आहे. तर जहाजं ढोबळमानाने १७६० ते १८५० मधली. यापेक्षा बारीक बोलायला मी धजणार नाही.

झेंड्याने तुम्हाला विजयदुर्गकडे नेलं असावं. तो लाल आहे, म्हणून इंग्रजी. इतकं सोपं नसतं. इंग्रजी लाल निशाणाच्या वरच्या कोपऱ्यात खूण असते: १७०७ च्या आधी पांढऱ्यावर लाल साधा क्रॉस, मग इंग्लंड-स्कॉटलंडचा जोड झेंडा, आणि १८०१ पासून त्यात आयर्लंडचा लाल तिरपा क्रॉस. हा कोपरा नीट दिसला तर चित्र कुठल्या तारखेच्या आधीचं असू शकत नाही ते एका मिनिटात कळतं. ईस्ट इंडिया कंपनीचं असेल तर लाल-पांढरे आडवे पट्टे हवेत. आणि नुसता लाल झेंडा तुर्की जहाजांवरही असायचा. तुमच्या फोटोत कोपरा अंधारात गेलाय.

आता विजयदुर्ग. कोकणात बोटीने गेलेल्या कोणालाही विचारा, समुद्रातून काय दिसतं? जांभ्या दगडाचे सडे. सपाट माथ्याचे, बुटके, तांबूस-काळे, पाण्याशी तुटलेले. सह्याद्री त्यांच्या मागे चाळीस-पन्नास किलोमीटर आत, स्वच्छ हवेत निळी रेघ म्हणून. पाण्यातून उठणारी टोकदार शिखरं विजयदुर्गच्या वाघोटन खाडीत नाहीत. पण मी डोंगरावर अवलंबून राहायचं नाही म्हणालोय, म्हणून दुसरा पुरावा देतो, आणि माझ्या मते तोच जास्त भक्कम आहे: भरती-ओहोटी. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार मीटरच्या आसपास चढ-उतार करतं, खाली विजयदुर्गकडे त्याहून कमी, तरी पुरुषभर उंचीचं. त्यामुळे आपल्याकडच्या दगडी धक्क्यावर पाण्याच्या वर ओल्या, शेवाळलेल्या, कालवं चिकटलेल्या दगडांचा पट्टा दिसणारच. तुमच्या चित्रात दगडी पायऱ्या कोरड्या ठणठणीत थेट पाण्याला टेकल्यात, आणि मासेमाराची होडी पाण्याच्या रेषेला नाक लावून उभी आहे. असं भूमध्य समुद्रात होतं. तिथे भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी फूटभरच. त्यात मासेमारांच्या डोक्यावरच्या लाल टोप्या, छत्रीसारखं पसरलेलं पाइनचं झाड, आणि एकही माड नाही. कोकणचं चित्र आणि माड नाही?

शिवाय विजयदुर्गचा प्रसंग, फेब्रुवारी १७५६, समुद्रात इंग्रज नौसेनापती वॉट्सनचं आरमार आणि जमिनीवर क्लाइव्ह. त्या प्रसंगात चित्रकाराला रंगवायला मिळते ती आग. तोफगोळ्याने एका जहाजाने पेट घेतला आणि तुळाजी आंग्र्यांचं जवळजवळ सगळं आरमार जळालं. डॉमिनिक सेरेसने त्याचं चित्र १७७१ मध्ये लंडनला केलं, ते आज ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. विजयदुर्ग रंगवायचा आणि आग सोडून निरोपाची सकाळ रंगवायची, हे कोणी करणार नाही. आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, नाहीत, वल्ह्यांची गलबतं नाहीत. (आपण मराठीत शिडाच्या कुठल्याही जहाजाला गलबत म्हणतो, मीही म्हणतो. पण आंग्र्यांचं गलबत हे लहान, चपळ, वल्ह्यांनीही चालणारं. तुमच्या चित्रातली जहाजं त्याच्या कितीतरी पट मोठी.)

मग हे आहे काय? माझा कौल असा: अठराव्या शतकात इटलीत क्लोद-जोझेफ व्हर्ने या फ्रेंच चित्रकाराने जी चाल पाडली, त्या चालीतलं हे भूमध्य सागरी बंदर, बहुधा नंतरच्या कोणाच्या हातचं. अविन्यॉनमध्ये १७१४ ला जन्मलेला हा गृहस्थ जवळजवळ वीस वर्षं रोममध्ये राहिला. युरोप फिरायला आलेले श्रीमंत इंग्रज त्याची चित्रं आठवण म्हणून घरी न्यायचे. सकाळ-संध्याकाळ, वादळ-शांतता अशा जोड्या करून तो विकायचा. त्यावरून छापील चित्रं निघाली, आणि छापील चित्रांवरून शेकडो जणांनी पुन्हा तैलचित्रं केली. कडा, त्यावर गोल बुरूज, धुक्यातले डोंगर, अलीकडे मासेमार आणि शेकोटी, मधे जहाज, हा सगळा त्याचा ठरलेला संसार. तुमच्या चित्राची ‘वादळ’ जोडीदारीण कुठल्या तरी वेगळ्या घरात टांगलेली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

गंमत अशी की याच व्हर्नेला १७५३ मध्ये फ्रान्सच्या राजदरबाराने आपली बंदरं रंगवायला सांगितली. तिथे मात्र अट होती की बंदर ओळखू आलं पाहिजे, तिथला धंदा दिसला पाहिजे. त्याने दहा-बारा वर्षं फिरून पंधरा चित्रं केली, आणि त्यांत धक्के, गोदामं, पिंपं सगळं जागच्या जागी आहे. तोच माणूस, तोच हात. पैसे देणाऱ्याला जागा हवी होती तेव्हा जागा दिली, मनःस्थिती हवी होती तेव्हा डोंगर मनाने घातले. म्हणून ‘ही जागा कुठली’ या प्रश्नाला कधीकधी ‘कुठलीच नाही’ हे पूर्ण उत्तर असतं. फसवल्यासारखं वाटून घेऊ नका. दिदेरो या फ्रेंच लेखकाने १७६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावर लिहिताना एका सोबत्याबरोबर डोंगर-समुद्राच्या काठाने केलेल्या भटकंतीचं वर्णन सुरू केलं, पानंच्या पानं, आणि बऱ्याच पुढे जाऊन वाचकाला कळतं की ही सगळी ठिकाणं म्हणजे भिंतीवरची व्हर्नेची चित्रं. आजोबांनीही तेच केलं म्हणा. फक्त ते विजयदुर्गला जाऊन पोचले.

माझा कौल चुकू शकतो. एकदा सपाट माथ्याच्या डोंगरापुढे जहाजं असलेलं चित्र माझ्याकडे आलं. पाच मिनिटांत मी सांगून मोकळा झालो, केप टाउनचा टेबल माउंटन. मालक खूश. आठवड्याने सफाई करताना कापसाच्या बोळ्यावर पांढरा रंग उतरायला लागला आणि त्या ‘सपाट’ माथ्याखालून टोकदार सुळका वर आला. पूर्वी तिथे कॅनव्हास फाटला होता. शिवल्यावर कोणीतरी त्यावर ढगाचा आडवा पट्टा ओढून जखम झाकली होती. मला फोन करून सांगावं लागलं की तुमचा टेबल माउंटन पुसला गेला. तेव्हापासून डोंगर शेवटी.

पुढे काय करायचं. तुमच्या तिसऱ्या फोटोत मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी दिसतात. अशा पाचरी अठराव्या शतकाच्या मध्यापासून रुळल्या, त्यामुळे त्या आपल्या अंदाजाला आड येत नाहीत, पण त्यांनी सिद्धही काही होत नाही, कारण चौकट बदलता येते. पांढऱ्या रंगाची तपासणी झाली आणि मूळ थरात टिटॅनियम व्हाइट निघाला तर चित्र १९२० च्या आसपासचं किंवा नंतरचं, विषय संपला. पण त्याही आधी एक भिंग घ्या आणि आकाशाचा भाग बघा. रंगाचे फटकारे दिसतात की बारीक ठिपके? वार्निश मारलेले छापील ओलिओग्राफ तैलचित्र म्हणून विकण्याची चोरबाजारात जुनी रीत आहे.

घरी साफ करू नका. बटाटा, कांदा, खोबरेल, ओला फडका, यूट्यूबवर दिसेल ते काहीही नाही. बटाट्याचा स्टार्च आणि ओलावा भेगांत जातो आणि दोन पावसाळ्यांनी रंगाचे पोपडे घेऊन लोक माझ्याकडे येतात. तुम्ही लिहिलंय की चित्र स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर आहे. ते आजच हलवा, बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आणि मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. तुमची बहीण ते अमेरिकेला न्यायचं म्हणते, त्याबद्दल: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र देशाबाहेर नेता येत नाही. वय ठरल्याशिवाय तिने सामानात भरू नये.

दोन फोटो आणखी पाठवा. एक झेंड्याचा वरचा कोपरा, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात. दुसरा चित्राच्या उजव्या कडेचा, टॉर्च अगदी बाजूने धरून, तिरक्या उजेडात. पहिल्या फोटोत बुरुजाच्या टोकाशी रंगाचा पोत बाकीच्या आकाशापेक्षा जाड वाटतोय. तिथे काहीतरी झाकलेलं असावं अशी मला शंका आहे.